कोटवाला

माझ्या आईबाबांच्या लग्नाला २०२५ च्या मे महिन्यात पन्नास वर्षे झाली. त्यानिमित्ताने दोघांचा एक नीटसा फोटो काढून घ्यावा, असे आम्ही भावंडांनी ठरवले तेव्हा हे काम तासाभराचे आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. प्रत्यक्षात त्याला सात महिने लागले. त्यातले सहा महिने उन्हाने आणि शेतीने खाल्ले, हे खरे. वैशाखात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना कोणाला रेशमी साडी नेसवून उन्हात उभे करणे म्हणजे कौतुक नव्हे, शिक्षाच. आणि मृग लागल्यावर पेरणी, डवरणी, निंदण यांच्यापुढे फोटोचा विषय काढण्याची कोणाची छाती होत नाही. अखेर कापूस फुटला, सीतादहीचा, म्हणजे वेचणीच्या पूजेचा, दहीभात शेतात वाहून झाला, पहिला वेचा घरात आला आणि डिसेंबरातला एक रविवार पक्का झाला. उरलेला एक महिना मात्र ‘घालायचे काय’ या एकाच प्रश्नात गेला.

या प्रश्नाला आमच्या घरात जुना इतिहास आहे. आईबाबांच्या लग्नाचा एकही फोटो नाही. १९७५ साली आमच्या गावात फोटोवाला बोलावणे ही चैन होती, आणि आजोबांच्या मते त्या पैशात वऱ्हाडाची आणखी एक पंगत उठली असती. बाबांचा तरुणपणचा एकुलता एक फोटो आहे तो त्याच्या आदल्या वर्षीचा, आईच्या माहेरी दाखवायला म्हणून तालुक्याच्या स्टुडिओत काढलेला. त्या स्टुडिओत मागे पडद्यावर रंगवलेला तलाव होता, भिंतीला आरसा, आरशाखाली फणी आणि पावडरचा डबा, आणि खिळ्याला टांगलेला एक काळा कोट. कोट एकच, गिऱ्हाईक कोणत्याही अंगाचे. तो मोठा झाला तर पाठीकडून कापड चिमटीत धरून कपडे वाळवायचे चिमटे लावत, आणि लहान झाला तर गुंड्या न लावता हात मागे घ्यायला सांगत. बाबांना तो मोठा झाला होता. फोटोत ते अगदी नायब तहसीलदार दिसतात. फक्त उजव्या बाहीतून बोटांची जेमतेम टोके बाहेर डोकावतात. वर गालांना कुंचल्याने फिकट गुलाबी रंगही दिलेला आहे, कारण कृष्णधवल फोटोवर हाताने रंग चढवून देण्याची तेव्हा पद्धत होती. आई हा फोटो पाहून या घरात आली, आणि तेव्हापासून तिची एकच तक्रार आहे : “कोटवाला दाखवला अन् धोतरवाला देल्ला.”

यवतमाळहून येणारा फोटोग्राफर माझ्या भाचीच्या ओळखीचा, वयाने पंचविशीचा आणि कामाने पक्का. त्याने महिनाभर आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना पाठवल्या. हजामत आठ दिवस आधी करावी, आदल्या दिवशी नको, म्हणजे मानेवर आणि कानांमागे उघडी पडलेली पांढरी कातडी थोडी रापते, बारीक रेघांचे आणि बारीक चौकडीचे कापड नको, चकाकणारे नको, सर्वांनी एकाच रंगात येऊ नये, शेजारी शेजारी बरे दिसतील असे दोन-तीन रंग निवडावेत, खिसे रिकामे असावेत. वहिनीने ही यादी मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा बाबा म्हणाले, “फोटो काढाचा हाय का पंचनामा कराचा हाय?”

मला मात्र या सूचनांमागची कारणे कळून घ्यावीशी वाटली, म्हणून मी त्या मुलाला फोन केला. रेघांचे कारण मोठे गमतीचे निघाले. डिजिटल कॅमेऱ्यात उजेड टिपणाऱ्या अगदी बारीक घरांची एक जाळी असते आणि कापडावरच्या रेघांचीही एक जाळीच असते. या दोन जाळ्या एकमेकींवर पडल्या की तिसरेच नागमोडी पट्टे उमटतात, मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक आले म्हणजे दिसतात तसे. एवढे ज्ञान मिळवून मी बाबांचे कपाट उघडले. आत सात सदरे होते : चार पांढरे आणि तीन बारीक रेघांचे.

पांढऱ्याची अडचण निराळी. उन्हातान्हात रापलेला चेहरा आणि नीळ दिलेला सदरा एकाच चौकटीत आले की कॅमेरा पेचात पडतो. चेहऱ्याला पुरेल इतका उजेड घेतला तर सदऱ्याचा नुसता पांढरा डाग होतो, आणि सदऱ्याच्या चुण्या राखाव्या तर चेहरा अंधारात जातो. त्यात आम्हाला फोटो हवा होता फुटलेल्या कापसात, म्हणजे मागेही पांढरेच. माझ्या भावाच्या लग्नात एका फोटोवाल्याने या पेचावर सोपा तोडगा काढला होता. त्याने सगळ्या वऱ्हाडाला संगणकावर गोरे करून टाकले. अल्बम घरी आला तेव्हा आजीला स्वतःचा चेहरा ओळखू येईना, पातळाच्या काठावरून तिची ओळख पटवावी लागली. तेव्हापासून कोणत्याही फोटोवाल्याला माझी पहिली अट असते ती ‘रंग आहे तोच ठेवा’ ही. सावळ्या माणसाने फोटोसाठी कपडे बदलावेत, कातडी नव्हे. आणि मोतिया, बदामी, मातकट, गडद निळा असे कितीतरी रंग सावळ्या चेहऱ्याशी भांडत नाहीत.

टोपी काढून फोटो घ्यावा, असे भाचीने सुचवले. बाबांनी निमूटपणे टोपी काढली, आणि आम्ही सगळेच क्षणभर गप्प झालो. जन्मभर टोपी जिथे बसली तिथे कपाळावर आडवी, आखल्यासारखी सरळ रेघ होती. रेघेखाली काळ्या मातीचा रंग आणि रेघेवर भिजवलेल्या तांदळाचा. हे दुसरे कपाळ आईखेरीज फारसे कोणी पाहिले नसावे. भाचीने स्वतःच टोपी उचलून आजोबांच्या डोक्यावर ठेवली. फोटोग्राफरचीही हरकत नव्हती, कारण या टोपीला पुढे झाप नसते आणि त्यामुळे डोळ्यांवर सावली येत नाही.

खिशाचे प्रकरण मात्र चिघळले. बाबांच्या सदऱ्याच्या खिशात पेन, रबर लावलेली छोटी डायरी, चष्म्याचे घर आणि चुन्याची डबी एवढा ऐवज असतो. तो इतका कायमचा आहे की सातही सदऱ्यांचे खिसे खाली ओघळले आहेत. खिसा रिकामा केला तर तो सुकलेल्या वांग्यासारखा लोंबतो, आणि भरलेला ठेवला तर फोटोत छातीवर गळू आल्यासारखे दिसते. खिशावर दुपट्टा टाकून पाहिला, तो सारखा घसरे.

आईच्या बाबतीत काळजी नव्हती, कारण तिच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी तिच्या आईने दिलेली करवती होती. नागपूर-भंडाऱ्याकडच्या विणकरांची ही साडी. तिचे अंग टसरचे, म्हणजे आपल्याच पूर्वेकडच्या जंगलांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांतून निघालेल्या रेशमाचे. काठ गडद, आणि काठाची आतली कड करवतीच्या दात्यांसारखी, त्यावरूनच तिचे नाव. अंग आणि दोन काठ यांसाठी तीन धोटे चालवावे लागतात, त्यामुळे विणकाम रखडत चालते. मी वहिनीची जरीची साडी आणि ही करवती दारातल्या उन्हात शेजारी धरून मोबाइलवर फोटो घेऊन पाहिले. जरीवर उजेडाचे तुकडे उडत होते. टसर उजेड पिऊन टाकत होती आणि तिचा मधासारखा रंग तेवढा मागे उरत होता.

पण साडी पूर्ण उलगडली तेव्हा डांबराच्या गोळ्यांच्या वासाबरोबर आणखीही एक गोष्ट बाहेर आली. घडी वर्षानुवर्षे एकाच रेघेवर पडलेली होती आणि तिथे रेशीम चिरले होते, चांगले दोन बोटे लांब. रेशमाची घडी अधूनमधून मोडून दुसरीकडे घालावी, हे आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे आणि एकीनेही ते कधी केलेले नाही. आईने ती चीर खिडकीशी नेली, उजेडात धरली, तिच्यातून अंगणातल्या कडुनिंबाकडे एकवार पाहिले आणि म्हणाली, “काठ तं शाबूत हाय.” मग चीर निऱ्यांत जाईल अशा बेताने नेसून पाहणे झाले, उलट्या बाजूने, वर सुती फडके टाकून, कोमट इस्त्रीने एक एक वळी काढणे झाले. एक वळी मात्र शेवटपर्यंत गेली नाही. ब्लाउज अर्थातच अंगात शिरत नव्हता. शिंप्याने शिलाईच्या आत दाबून ठेवलेले कापड दोन्ही बाजूंनी उसवले तेव्हा तो बसला खरा. पण आतल्या त्या कापडाने इतकी वर्षे उजेड पाहिलेला नसल्याने त्याचा रंग अजून ताजा होता, आणि काखेखाली दोन गडद पट्ट्या दिसू लागल्या. त्या पदराखाली घालायच्या, असे ठरले.

इतके होईपर्यंत बाबांचा धीर संपला. समोरच्या भिंतीवर गाडगेबाबांचा फोटो आहे : चिंध्या जोडून केलेला अंगरखा, डोक्यावर खापर. घरोघरी हाच फोटो असतो. त्याच्याकडे बोट करून बाबा म्हणाले, “बाबानं फोटोसाठी कपडे बदलले व्हते काय?” या युक्तिवादाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. आईकडे होते. करवतीवर हात फिरवत, मान वर न करता ती म्हणाली, “त्यायनं पोरगी पाह्याले कोटातला फोटो नव्हता धाडला.” आणि थोडे थांबून : “शिवाच आता कोट. पन्नास वर्सं झाली, पाहू तं द्या मले एक डाव.”

बाबांनी मोजून दोन दिवस नाही म्हटले. तिसऱ्या दिवशी ते भावाच्या मोटरसायकलवर बसून तालुक्याला माप द्यायला गेले.

काळा कोट मी होऊ दिला नाही. काळ्या कापडात बाही, कॉलर, गुंड्या सगळे फोटोत एकाच डागात बुडते, म्हणून गडद निळे कापड घेतले. खाली पँट कोणत्या रंगाची, असे दुकानातल्या तरुण शिंप्याने विचारले, आणि धोतर हे उत्तर ऐकून तो जरा घुटमळला; पण आत मशीनवर बसलेल्या त्याच्या वडिलांनी मान हलवली. धोतर, वर कोट आणि डोक्याला टोपी हा जुन्या वऱ्हाडी माणसाचा कोर्टकचेरीला आणि सोयरिकीला जाण्याचा पोशाख त्यांनी पाहिलेला होता. बाबांनी स्वतःहून एकच मागणी केली : आतून दोन खिसे, एक डायरीपुरता आणि एक डबीपुरता. खिशाचे प्रकरण असे मिटले. पेन मात्र वरच्या खिशालाच राहील, हे त्यांनी शिंप्याला, आम्हाला आणि फोनवरून फोटोग्राफरला बजावून सांगितले.

त्या रविवारी सकाळी शेतात धुके होते. आठच्या सुमारास ते विरले आणि तुरीच्या ओळींवरून कोवळे ऊन आडवे आले. भाऊ एवढ्या सूचनांनंतरही चौकडीचाच शर्ट घालून आला होता, त्याला मागच्या ओळीत उभे केले. आई करवतीत अवघडून उभी होती. कॅमेरा डोळ्याला लागताच बाबांनी श्वास रोखला आणि मान ताठ केली. १८३९ साली फोटोची कला जगापुढे आली तेव्हा समोरच्या माणसाला कित्येक मिनिटे स्तब्ध बसावे लागे आणि पुढेही बरीच वर्षे डोके हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावत. आता सेकंदाच्या दोनशेव्या भागात काम होते, पण ते बाबांना कोण सांगणार? “आबाजी, श्वास सोडा,” असे तो मुलगा दर फोटोला विनवत होता.

आणि एवढ्या तयारीत एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. गडद निळे कापड आणि फुटलेले शेत! ओळीतून चार पावले चालेपर्यंत बाबांच्या दोन्ही बाह्यांना आणि पाठीला कापसाचे तंतू चिकटले. फोटोग्राफरने कपाळाला हात लावला, वहिनी ओला रुमाल शोधू लागली, आणि त्या गडबडीत आई पुढे होऊन एक एक तंतू चिमटीने उचलू लागली, अगदी सवयीच्या हाताने, जणू बोंडच वेचत होती. बाबा खाली वाकून आपल्या बाहीकडे बघत होते आणि श्वास रोखायचे विसरले होते. सुमारे दोनशे फोटोंतून आम्ही तो निवडला. त्यात आईच्या ब्लाउजची गडद पट्टी स्पष्ट दिसते, इस्त्रीने न गेलेली वळीही दिसते.

तो फोटो आता ओसरीत जुन्या फोटोशेजारी लागला आहे आणि कोट त्याच्याच बाजूच्या खिळ्याला. संक्रांतीनंतर गल्लीतला एक मुलगा अर्जावर लावायच्या फोटोसाठी तो मागून घेऊन गेला. त्यानंतर दुसरा आला, त्याला लग्नाच्या बायोडेटासाठी हवा होता. आईने कोट काढून देण्यापूर्वी त्याला मुलगी कोणत्या गावची आहे ते विचारले. तो मुलगा काडीसारखा बारीक. कोट परत आला तेव्हा पाठीवर मधोमध चिमट्यांचे दोन वळ उमटलेले होते. बाबांनी ते अंगठ्याने चोळून पाहिले, आणि तसाच कोट पुन्हा खिळ्याला अडकवला.