आडवी रेघ आणि दीर्घ ई

नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटासाठी, मोबाईलवरून बँकेचे व्यवहार कसे करावेत हे सांगणारी एक छोटी पुस्तिका आम्ही तयार करत आहोत. तिची मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे आले. मजकूर तिघांनी टंकित केलेला होता. ‘ॲप’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर असूनही संगणकावर शोध घेतला, तेव्हा तो पहिल्या प्रकरणापलीकडे सापडेना. पाहिले तर एकाने ॲ हे स्वतंत्र अक्षर वापरले होते, दुसऱ्याने अ लिहून त्यावर चंद्र चढवला होता आणि तिसऱ्याने हिंदीच्या वळणाचा ऍ घेतला होता. पहिले दोन डोळ्यांना एकच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते निरनिराळे शब्द ठरतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत, ॲ २००८ साली आला आणि २००९ च्या शासन निर्णयाने त्याला मराठी वर्णमालेत स्थान दिले. त्यामुळे अ वर चंद्र देण्याची गरज आता उरलेली नाही.

‘मोबाइल’ की ‘मोबाईल’ हा प्रश्न इतक्या सहज सुटला नाही. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार अकारान्त मराठी शब्दांतील उपान्त्य, म्हणजे शेवटच्या अक्षराच्या आधीचा, इकार-उकार दीर्घ लिहायचा असतो, आणि गरीब, वकील हे बाहेरून आलेले शब्दही त्याच वाटेने गेले. जाईल, खाईल लिहिणाऱ्या हाताला मोबाईल, ऑनलाईन हेच रूप सहज येते, म्हणून मी दीर्घ ई ठेवली. हा नियम ताणून ‘क्लीक’ मात्र लिहिता येत नाही, कारण तिथे उच्चार स्पष्टपणे ऱ्हस्व आहे. ‘फाईल’चे अनेकवचन आपण ‘फायली’ असे करतो, आणि शब्द मराठीत पुरता रुळल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला तो संयोगचिन्हापाशी, म्हणजे शब्द जोडणाऱ्या आडव्या रेघेपाशी. पंचवटीत आणि रविवार कारंजा परिसरात फिरताना ‘महा ई-सेवा केंद्र’, ‘महा-ई सेवा केंद्र’ आणि ‘महाईसेवा केंद्र’ अशा तिन्ही तऱ्हांच्या पाट्या दिसतात. ई हे अक्षर ‘सेवा’चे विशेषण आहे, म्हणून रेघ ई आणि सेवा यांच्यामध्येच हवी, ती एक घर अलीकडे सरकली की ‘महाई’ नावाची कोणी देवी असावी असा भास होतो. निफाड-दिंडोरीकडचे शेतकरी ज्या ॲपवर पिकाची नोंद करतात, त्या ‘ई-पीक पाहणी’तूनही रेघ काढली तर ‘ईपीक’ हा अनोळखी शब्द उरतो. इंग्रजीत असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने २०११ मध्ये आपल्या लेखनशैलीतून ईमेलमधली रेघ वगळली. मीही ‘ईमेल’ असेच लिहितो, पण त्याचे कारण इतकेच की आता तो शब्द वाचताना मराठी वाचक कुठेही थांबत नाही. ‘वायफाय’चेही तसेच. मूळ व्यापारचिन्हात रेघ असली, तरी आपण तो एका दमात म्हणतो.

‘ईकेवायसी’ (ग्राहकाची ओळख ऑनलाईन पटवणे) मात्र मी तसेच सोडले होते. नमुना प्रत वाचताना आमच्या गटातील एक काका त्या ओळीवर दोनदा अडखळले, आणि त्याच संध्याकाळी मी पुस्तिकेत सगळीकडे ‘ई-केवायसी’ केले.