गुणपत्रिकेत न दिसणारी मदत

महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात मी काम करते. ऑटिझम असलेले हुशार विद्यार्थी माझ्यापर्यंत बहुधा नापास होऊन पोहोचत नाहीत. उत्तम गुण मिळवत असताना एकाएकी वर्गात दिसेनासे झाले, की त्यांची चौकशी सुरू होते. ज्याच्याविषयी लिहीत आहे तो गणिताचा विद्यार्थी. पहिल्या वर्षी वर्गात पहिला आलेला हा मुलगा दुसऱ्या वर्षी संगणक प्रयोगशाळेत फिरकेनासा झाला, आणि त्याला परीक्षेला बसू द्यावे की नाही हे ठरवण्यासाठी विभागप्रमुखांनी त्याला, त्याच्या आईला आणि मला बोलावले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

"तुझी अडचण नेमकी काय आहे?" सरांनी विचारले. स्वर सौम्य होता, पण प्रश्न इतका मोकळा होता की त्याचे उत्तर कुठून सुरू करावे हे त्याला कळेना, आणि तो गप्प राहिला. आई त्याच्या वतीने बोलू लागल्या. मी त्यांना थांबण्याची विनंती केली, कारण वीस वर्षांच्या मुलाविषयीचा निर्णय त्याच्या समोर, पण त्याला वगळून होणे मला मान्य नव्हते. मग एका कागदावर मी लिहिले, "प्रयोगशाळेत तू शेवटचा गेलास, त्या तासाला काय घडले?" आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

त्याने लगेच लिहिले : "सरांनी आपापले गट करायला सांगितले. माझा गट झाला नाही. मग सर म्हणाले, गट झालेल्यांनी बसा. म्हणून मी बाहेर गेलो. पुढच्या आठवड्यातही माझा गट झालेला नव्हता."

विभागप्रमुखांनी तो कागद दोनदा वाचला. सत्रातले सगळे प्रयोग त्याने घरी एकट्याने पूर्ण केले होते, हे त्यानंतरच्या प्रश्नातून समजले; तोपर्यंत ते त्याला कोणी विचारलेलेच नव्हते. ज्याला उद्धटपणा समजले जात होते, ते सूचनेचे तंतोतंत पालन होते. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञाने 2012 साली मांडले, की अशा वेळी न समजणे दुहेरी असते : ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन वाचता येत नाही तसे इतरांनाही त्याचे वाचता येत नाही, मात्र दोष एकाच बाजूला लागतो. त्या खोलीत मी हेच पाहत होते.

गट शिक्षकांनी नेमून द्यायचे, सूचना लेखी द्यायच्या आणि तोंडी परीक्षेचे प्रश्न आधी कागदावर हाती द्यायचे, एवढे सरांनी तिथेच मान्य केले. यात अभ्यासक्रम कणभरही सोपा झाला नाही. बुद्धी तल्लख असली म्हणजे कामाची आखणी करणे, ते सुरू करणे, अडल्यावर मदत मागणे हेही आपोआप जमेल, असे गृहीत धरले जाते. ही कौशल्ये वेगळी आहेत, आणि ऑटिझममध्ये त्यांच्यातली व बुद्धीतली तफावत फार मोठी असू शकते. शाळेत ती तफावत घर भरून काढते, म्हणून ती गुणपत्रिकेत दिसत नाही.

या घरात ती आईंनी भरून काढली होती. बैठकीनंतर मी त्यांना, मुलासाठी त्या करत असलेले प्रत्येक काम लिहून काढायला सांगितले. उठवणे, जेवणाची आठवण, परीक्षेचा अर्ज, बँक, दवाखान्यात फोन, केस कापायला नेणे. पाने भरत गेली आणि लिहिता लिहिता त्यांना रडू आले. "मी हे थांबवलं तर तो कोलमडेल," त्या म्हणाल्या. मदत एकदम काढून घेतली असती तर ती भीती खरीही ठरली असती. पालकांना "आता त्याला मोकळे सोडा" असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला निष्ठुर वाटतो. सोडायचे नसते, सोपवायचे असते, आणि काय सोपवून घ्यायचे हे मुलाने ठरवायचे असते.

त्याने ती यादी शांतपणे वाचली आणि परीक्षेच्या अर्जापुढे खूण केली. पहिला अर्ज आईंनी शेजारी बसून पाहिला, दुसरा त्याने भरल्यावर फक्त तपासला, तिसऱ्याची त्यांना कल्पनाही दिली गेली नाही. बँकेचे काम पदवीच्या शेवटच्या वर्षी त्याच्याकडे गेले.

नोकरीच्या मुलाखतींत मात्र तो पुन्हा अडकला, कारण तिथे पहिलाच प्रश्न "स्वतःविषयी सांगा" असा असतो. एका ठिकाणी आम्ही त्याच्या संमतीने मुलाखतीऐवजी कामाचा नमुना घेण्याची विनंती केली, ती मान्य झाली, आणि आकडेवारी तपासण्याचे ते काम तो आजही करतो. काय करायचे आणि केव्हापर्यंत, हे त्याचे वरिष्ठ त्याला लिहून देतात. दवाखान्यात फोन अजून आईच करतात. तेवढे आपल्याकडे नको, असे त्याने स्पष्ट सांगितले आहे, आणि आम्ही ते मान्य केले आहे.