लग्नमंडपातून थेट नौदलात

परवा रात्री भाचीबरोबर एक जुना इंग्रजी सिनेमा पाहिला. 'स्कर्ट्स अहॉय!', 1952 सालचा, हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीचा रंगीत संगीतपट. भाची सध्या माझ्याकडे नाशिकरोडला राहून एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी करतेय. पहाटे स्कूटीवरून गोल्फ क्लब मैदानावर पळायला जाते, मग दिवसभर गणित. रात्री नऊनंतर डोकं चालेनासं झालं, तेव्हा म्हटलं, चल, तुझ्याच कामाचा सिनेमा बघू.

गोष्ट अगदी हलकीफुलकी. तीन मुली अमेरिकेच्या नौदलात भरती होतात. एकीनं नवऱ्या मुलाला ऐन लग्नात सोडलंय, दुसरीला तिच्या नवऱ्या मुलानं सोडलंय आणि तिसरीचा ठरलेला खलाशी पॅरिसला आहे म्हणून तिला तिकडं जायचंय. शिकागोजवळच्या ग्रेट लेक्स केंद्रात तिघींचं प्रशिक्षण, आणि मधूनमधून हॅरी वॉरनच्या चालींची गाणी.

"मावशी, लग्न मोडलं म्हणून नौदलात? असं सांगितलं तर एसएसबीवाले पहिल्याच दिवशी घरी पाठवतील!" भाची म्हणाली. एसएसबी म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणारं मंडळ. खरं आहे तिचं. प्रेमप्रकरणं सिनेमाचा फार वेळ खातात. मला प्रशिक्षण अजून बघायचं होतं.

पण सिनेमाची नायिका एस्थर विल्यम्स पाण्यात उतरली की नजर हलत नाही. दोन चिमुरड्या पोरांबरोबर ती पोहते, तो प्रसंग आम्ही दोनदा पाहिला. ही बाई आधी खरीच राष्ट्रीय विजेती जलतरणपटू. 1940 च्या ऑलिम्पिकची तिची तयारी चालली होती, ते युद्धामुळं रद्द झालं आणि ती सिनेमात आली.

मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. मुलींनी नौदलात जावं की जाऊ नये, यावर तिथं वादच नाही. जायचं तर जायचं! युद्धाच्या काळात, 1942 मध्ये, तिकडं नौदलात बायकांची तुकडी सुरू झाली, 1948 च्या कायद्यानं त्यांना कायमची जागा मिळाली आणि चारच वर्षांत त्यावर नाचगाण्याचा सिनेमा निघाला. एखादी गोष्ट अंगवळणी पडल्याशिवाय तिच्यावर अशी मोकळेपणी गाणी होत नाहीत.

आमच्या घरी ही गोष्ट अंगवळणी पडली नव्हती. मी कॉलेजात एनसीसीत होते, 'सी' सर्टिफिकेट मिळवलं. परेडच्या आदल्या रात्री पट्ट्याचं पितळी बक्कल घासत बसायचे. ब्रासो संपला की आई काही न बोलता चिंचेचा कोळ वाटीत आणून ठेवायची. वडील प्रेसमध्ये नोकरीला. 1988 मध्ये त्यांना म्हटलं, मला सैन्यात जायचंय. ते म्हणाले, "डॉक्टर हो नाहीतर नर्स हो, मग जा." रागावून नव्हे, तेव्हा बायकांना तेवढेच दरवाजे उघडे होते. 1992 मध्ये इतर शाखांची जाहिरात आली तेव्हा माझ्या कडेवर वर्षाची मुलगी होती, आणि अट होती अविवाहितेची. तो पेपर मी कितीतरी दिवस गादीखाली जपून ठेवला होता.

भाचीपुढे आता केवढं मोकळं रान आहे! एनडीएत मुलींची पहिली तुकडी 2022 मध्ये गेली, त्यातल्या 17 जणी मे 2025 मध्ये बाहेर पडल्या. नाशिकलाच 2023 पासून मुलींची सरकारी सैनिकी सेवापूर्व संस्था आहे. त्याच वर्षी तोफखान्यातही पहिल्या पाच महिला अधिकारी आल्या. देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षण केंद्राकडून तोफांचा आवाज आला की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. लहानपणापासून ऐकतेय, पण त्या बातमीनंतर तो आवाज मी थांबून ऐकते.

सिनेमा संपल्यावर कपाटातून तो पट्टा काढून भाचीला दाखवला. बक्कल पार काळं पडलंय. ती बराच वेळ अंगठ्यानं ते घासत बसली होती. सकाळी उठले तर ती पळायला गेलेली, आणि ओट्यावर वाटीत चिंच भिजत घातलेली.