दोन बॉयलर आणि गरम फरशी

मिनेसोटात हिवाळ्यात उणे २५ सहज होतं, त्यामुळे एकुलता बॉयलर बंद पडला तर काय ही धास्ती मला कायम होती. म्हणून फरशीखालच्या नळ्यांत फिरणारं पाणी तापवायला तळघरात दोन छोटे कंडेन्सिंग (धुरातली उष्णताही वापरणारे) बॉयलर लावले, एक चालतो, कमी पडलं तर दुसरा जोडीला येतो आणि कंट्रोलर त्यांची पाळी बदलत राहतो म्हणजे दोघांची झीज सारखी.

पाइपिंगमध्ये सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रायमरी लूपवरचे (पाइपच्या मुख्य फेऱ्यावरचे) दोन टी, म्हणजे दुसरं सर्किट जिथे जोडतं ते तीन तोंडांचे जोड, एकमेकांच्या अगदी जवळ हवेत, पाइपच्या व्यासाच्या चौपटीपेक्षा लांब नकोच, नाहीतर एका पंपाचा दाब दुसऱ्या सर्किटमध्ये घुसतो. प्रत्येक बॉयलरला आपापला पंप आणि चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) द्या, म्हणजे बंद बॉयलरमधून गरम पाणी उगाच फिरत नाही. आणि फरशीखालची पेक्स (प्लास्टिकची) नळी ऑक्सिजन बॅरियरवालीच, म्हणजे हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरू न देणारी घ्या, नाहीतर लोखंडी भाग आतून गंजतात.

वायरिंग तसं सोपं, २४ व्होल्टचा थर्मोस्टॅट झोन व्हॉल्व्ह (घराच्या एका भागाला, म्हणजे झोनला, पाणी सोडणारा) उघडतो, तो उघडला की त्यातला एंड स्विच बॉयलर चालू करायला सांगतो. माझी एका झोनची एंड स्विचची वायर जोडायचीच राहिली होती, व्हॉल्व्ह उघडायचा पण बॉयलर गप्प, सगळा शनिवार शोधण्यात गेला.

फरशीला ४० डिग्रीच्या आसपासचं पाणी पुरतं. आई पुण्याहून आलीये, सकाळी घरभर अनवाणी फिरते.