हायब्रिड ट्रेलरची कामनोंद: कापडी टोके, रबरी पट्ट्या आणि वाळवण्याचा प्रश्न

दुरुस्तीसाठी घेतलेल्या जुन्या हायब्रिड ट्रेलरच्या (म्हणजे गाडीमागे ओढायच्या, अर्ध्या पक्क्या आणि अर्ध्या कापडी फिरत्या घराच्या) मागच्या टोकाचे काम पूर्ण झाले असून पुढच्या टोकाचे प्लायवूड अजून वाळत आहे. मधल्या काळात सुटे केलेले कापड, बिजागऱ्या आणि रबरी पट्ट्या जवळून पाहता आल्या. त्यामुळे या प्रकारच्या ट्रेलरबद्दल आपल्या हौशी मंडळींत जी नेहमीची चर्चा चालते, तिच्यात थोडी भर घालण्याइतकी सामग्री आता हाती आली आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी रचना थोडक्यात सांगतो. मधला भाग चारही बाजूंनी पक्क्या भिंतींचा आणि पक्क्या छताचा असतो व त्यात स्वयंपाकाचा ओटा, शीतकपाट, संडास आणि बैठक मावते. पुढची आणि मागची भिंत मात्र खालच्या कडेला बिजागरीवर बाहेर उघडते, आडवी होऊन पलंगाची फळी बनते आणि तिच्यावर कमानींच्या आधाराने कॅनव्हासचा तंबू उभा राहतो. प्रवासात पलंग मिटलेले असल्यामुळे कमी लांबीच्या आणि तुलनेने हलक्या गाडीत सहा ते आठ माणसांची झोपण्याची सोय होते. तेवढीच माणसे पूर्ण पक्क्या भिंतींच्या ट्रेलरमध्ये झोपवायची म्हटली, तर लांबी आणि वजन दोन्ही बरेच वाढते.

हा फायदा खरा आहे, परंतु तो वाढवून सांगितला जातो. माहितीपत्रकातील कोरड्या वजनात टाकीतले पाणी धरलेले नसते, आणि बॅटरी व भरलेले गॅस सिलिंडरही बहुधा नसतात. शंभर लिटरची पाण्याची टाकी भरली की शंभर किलोंची भर तेथेच पडते. शिवाय पूर्ण मिटणाऱ्या तंबू-ट्रेलरप्रमाणे याची उंची प्रवासात कमी होत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, वेग वाढवताच ओढणाऱ्या गाडीला तो जवळजवळ पक्क्या ट्रेलरइतकाच जड वाटतो. म्हणून वजन कमी म्हणजे लहान गाडी चालेल, असा हिशेब न करता, सामानासह भरलेला ट्रेलर काट्यावर नेऊन एकूण वजन आणि ओढणाऱ्या गाडीच्या जोडणीवर येणारे वजन प्रत्यक्ष मोजावे. जोडणीवरचा भार एकूण वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के असावा, हा नेहमीचा नियम येथेही लागू आहे.

आता कापडाकडे येतो. या टोकांवर प्रामुख्याने कॅनव्हासचीच चर्चा होते, आणि माझ्या मते तिथेच चर्चेची दिशा चुकते. कापड धुता येते, शिवता येते, त्यावर जलरोधक लेप पुन्हा देता येतो आणि अगदीच विरले तर नवे शिवून घेता येते. ट्रेलरचे आयुष्य ठरते ते पलंगाची फळी भिंतीच्या चौकटीला जिथे टेकते, त्या चौकोनी सांध्यावर. फळी मिटलेली असताना तिच्या बाहेरच्या अंगावर पाऊस पडतो आणि चालत्या गाडीत पुढच्या टोकावर तर तो जोराने आदळतो. त्याला अडवायला केवळ एक पोकळ रबरी पट्टी आणि कोपऱ्यांवरच्या कड्या असतात. ही पट्टी कडक झाली, चपटी बसली किंवा कोपऱ्यात फाटली की पाणी थेट प्लायवूडच्या कडेत मुरते आणि वरचा पातळ पत्रा ते दिसूही देत नाही.

मागच्या फळीचा पत्रा खालच्या कडेने उचलला, तेव्हा बिजागरीलगतचे प्लायवूड पदर सुटून ओल्या पुठ्ठ्यासारखे झालेले आढळले; स्क्रू हातानेच बाहेर आला. त्याच फळीचा मधला भाग पूर्ण ठणठणीत होता. ओलावा मोजण्याच्या यंत्रावर मधल्या भागाचा आकडा पंधरा टक्क्यांच्या खाली आणि कडेचा आकडा वीसच्या बराच वर होता. लाकडातील ओलावा वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कुजवणाऱ्या बुरशीचा धोका सुरू होतो, त्यामुळे जुना ट्रेलर पाहायला जाताना हे छोटे यंत्र सोबत असावे आणि फळ्यांचे चारही कोपरे आधी तपासावेत. कापडावरचे डाग पाहून सौदा मोडणारे पुष्कळ भेटतात, कोपऱ्यावर अंगठा दाबून पाहणारे फार थोडे.

प्लायवूडची सडलेली कड कापून तेथे सागरी (पाण्याला टिकणारे, मरीन) प्लायवूड बसवले, कडांना इपॉक्सी हे कडक होणारे राळ पाजले आणि बिजागरीखाली पाणी अडवणारी चिकट ब्युटाइल टेप घातली. नवी रबरी पट्टी कोपऱ्यांत तुकडे जोडून न लावता अखंड वळवली असून सांधा खालच्या कडेला मध्यावर घेतला आहे. रबरावर खनिज तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण त्याने अनेक प्रकारचे रबर फुगते व मऊ पडते. सिलिकॉन वंगणाचा पातळ हात पुरेसा होतो. त्यानंतर फळी मिटून वरून संथपणे पाणी सोडले असता चाचणीसाठी आत ठेवलेली कागदी पट्टी कोरडी राहिली.

याच सांध्यासाठी उभारणीचा क्रमही महत्त्वाचा ठरतो. आधी चाकांखाली ठोकळे देऊन आडवी पातळी साधावी, मग जोडणी सोडून पुढच्या जॅकने लांबीची पातळी घ्यावी, त्यानंतर चारही कोपऱ्यांचे आधार टेकवावेत आणि शेवटी फळ्या उघडाव्यात. कोपऱ्याचे आधार ट्रेलर उचलण्यासाठी वापरले तर सांगाडा पिळला जातो, चौकट किंचित तिरकी होते आणि मिटताना एका कोपऱ्यात फट राहते. मागचे आधार न टेकवता मागच्या फळीवर माणसे चढली, तर मोकळा उभा असलेला ट्रेलर मागे कलंडूही शकतो. फळीवर किती भार चालतो, हे तिच्यावरच्या सूचनापट्टीवर दिलेले असते आणि त्यात गादीचेही वजन धरावे. मिटतानाही फळी उचलत असता कापड आतल्या बाजूला सारत राहावे लागते. चिमटीएवढी घडी जरी रबरी पट्टीत अडकली, तरी ती वातीसारखे पाणी आत ओढते.

उबेच्या बाबतीत मात्र कापडी टोकांची बाजू लंगडी आहे आणि ते मान्य केलेले बरे. हीटरची गरम हवा सहसा मधल्या भागातच सोडली जाते, तर झोपणारा माणूस त्या भागाच्या बाहेर, वरून कापड आणि खालून मोकळा वारा अशा जागी असतो. शिवाय प्रत्येक माणसाच्या श्वासातून व घामातून रात्रभरात काही शे मिलिलिटर पाणी हवेत जाते आणि थंड कापडावर व गादीखाली साचते. गादीखाली जाळीदार हवेशीर थर घातल्यापासून तेथील ओल जवळजवळ थांबली. खिडकीचे कापड मात्र थंडीतही दोन बोटे उघडे ठेवावे लागते. उन्हाळ्यात हाच हिशेब उलटतो: दोन्ही टोकांच्या जाळ्या उघडल्या की आरपार वारा खेळतो, आणि त्या एका गोष्टीसाठी मी पक्क्या भिंतींच्या ट्रेलरकडे वळलेलो नाही.

आवाज आणि प्रकाश आत येतो, ही तक्रार सवयीची बाब समजून सोडून देतो. अस्वलांच्या प्रदेशातील बंदी मात्र प्रवासाची आखणी बदलू शकते. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील फिशिंग ब्रिज येथील मुक्कामाच्या तळावर केवळ पक्क्या भिंतींच्या वाहनांनाच प्रवेश आहे आणि कापडी टोके उघडणारे ट्रेलर त्यात बसत नाहीत. एखाद्या रात्रीपुरते टोके न उघडता बैठकीवर झोपता येते, पण मग माणसांची संख्या निम्म्यावर येते.

सर्वांत मोठी अट वाळवण्याची आहे. पावसात मिटलेले कापड एक-दोन दिवसांत पूर्ण उघडून वाळवले नाही तर बुरशी धरते, आणि बुरशीचा काळा डाग धाग्यात शिरला की सौम्य साबणाने जात नाही. ब्लीचने तो फिका होईल, पण जलरोधक लेप आणि शिवणीचा दोराही कमजोर होईल. म्हणून ज्यांना ट्रेलर ठेवण्याच्या जागी दोन्ही टोके उघडता येत नाहीत, त्यांना मी हा प्रकार सुचवत नाही, मग बाकीची सोय कितीही मनासारखी असो.

पुढच्या टोकाचा ओलावा वीसच्या खाली आला की तेथेही हेच काम करायचे आहे. त्या फळीला आधार देणाऱ्या दोन तारांपैकी एकीचे पेड तुटू लागले आहेत. दोन्ही तारा एकदमच बदलणार आहे, कारण नवी तार आणि ताणून लांबलेली जुनी तार यांची लांबी जुळत नाही व फळी एका बाजूला झुकते. नव्या तारा बसेपर्यंत पुढचा पलंग वापरात येणार नाही.