आजीला दिलेलं उत्तर

तत्त्वज्ञान घेतलं तेव्हा वाटलं होतं, थोरांची मतं पाठ करायची आणि लिहून यायचं. पहिल्याच सत्रात कांट या जर्मन तत्त्वज्ञापाशी अडकले.

कांटचा १७९७ सालचा एक छोटा निबंध आहे. मित्र तुमच्या घरात लपलाय आणि त्याच्या जिवावर उठलेला माणूस दारात येऊन विचारतोय, "आत आहे का तो?" कांट म्हणतो, तरीही खोटं बोलायचं नाही. वर्गात गलका झाला. मी ठासून सांगितलं, खोटं न बोलताही वाट निघते. "मघाशी चौकात दिसला होता" असं म्हणावं. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे नरो वा कुंजरो वा. असं कधी केलं आहेस?"

केलं होतं. त्याच महिन्यात आजीची मोठी बहीण गेली होती. आजी स्वतः आजारी, म्हणून तिला सांगायचं नाही असं घरात ठरलं. एका दुपारी तिने विचारलं, "अक्का कशी आहे गं?" मी म्हटलं, "आता काही दुखत नाही तिला." ते वाक्य मी आधीपासून जुळवून ठेवलं होतं. खोटं बोलले नाही, याचं समाधानही वाटलं होतं.

मिल या इंग्रज तत्त्वज्ञाचा उपयुक्ततावाद, म्हणजे कृती तिच्या परिणामावरून तोलायची हे मत, शिकताना बरं वाटलं. परिणाम बघायचा ना, मग आजीची दुपार शांत गेली! पण कांटच्या १७८५ च्या पुस्तकातलं सूत्र, माणसाला केवळ साधन म्हणून कधीच वागवू नये, ते मला सोडेना. आजीने किती दुःख सोसायचं, हे आम्ही तिला न विचारता ठरवून टाकलं होतं.

खुद्द कांटनेही शब्द असेच तोलले होते. धर्मावरच्या लिखाणाबद्दल प्रशियाच्या राजाची ताकीद आली, तेव्हा १७९४ मध्ये त्याने 'महाराजांचा निष्ठावान प्रजाजन या नात्याने' यापुढे त्यावर लिहिणार नाही, असं कळवलं. १७९७ मध्ये राजा वारला आणि कांटने स्वतःला त्या वचनातून मोकळं मानलं. हे वाचून मला आधी धीर आला. पण राजा कांटचं तोंड बंद करू पाहत होता. आजीने तर फक्त बहिणीची चौकशी केली होती.

परीक्षा संपल्यावर आईशी बोलले, मग आजीजवळ बसून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कुठल्या दिवशी?" मी तारीख सांगितली. तिने माझा हात धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर दिवस मोजत राहिली.