पार्सलातला गांजा आणि काट्यावरची शिक्षा

"पोस्टानं पाठवलंय, माझ्या हातात कुठं काय सापडलं?" हा युक्तिवाद कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यावर खपतो, कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात नाही. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा, 1985 चं कलम 20 फक्त बाळगण्यापुरतं नाही. विकणं, विकत घेणं, वाहतूक करणं, परराज्यातून आणणं किंवा तिकडे धाडणं, सगळं त्यातच येतं. पाठवणारा, पैसे भरणारा आणि ठरवून वाट बघणारा असे तिघं असले तर कट म्हणून कलम 29 लागतं आणि शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच.

किती शिक्षा, हे वजन सांगतं. गांजा एक किलोच्या आत, म्हणजे 'अल्प प्रमाण' असेल तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एक ते 20 किलो असेल तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. 20 किलोच्या वर 'व्यापारी प्रमाण', म्हणजे किमान दहा, कमाल वीस वर्षं आणि एक ते दोन लाख दंड. चरसाचे आकडे याहून कडक आहेत: अल्प 100 ग्रॅम, व्यापारी एक किलो. एक किलोच्या आतलं म्हणजे जागच्या जागी जामीन, असं धरून चालू नका. ऑक्टोबर 2020 च्या एका निकालात मुंबई उच्च न्यायालयानं या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र धरले आहेत.

खरी ओढाताण वजनावरच होते. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोरा किंवा फळं धरलेला शेंडा. बिया आणि पानं त्यासोबत नसतील तर ती गांजात धरत नाहीत. पंचनाम्यात सगळा पाला देठासकट एकाच काट्यावर चढवला आणि आकडा 20 च्या जरासा वर गेला, तर बचावाचा वकील पहिलं बोट तिथंच ठेवतो. कलम 52अ प्रमाणे मुद्देमालाची यादी, फोटो आणि नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर व्हावे लागतात; 2022 च्या नियमांत गांजाचा नमुना किमान 24 ग्रॅमचा सांगितलाय, तोही दोन प्रतींत. सीलचा ठसा आणि तपासणीला गेलेल्या पाकिटावरचा ठसा जुळतो का, हे वकिलाला पहिल्याच दिवशी बघायला सांगा. उलट 'कलम 50 पाळलं नाही' म्हणून पार्सलाच्या केसमध्ये वेळ घालवू नये. ते कलम अंगझडतीचं आहे, खोक्याचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्येच पिशवी-पेटी त्यातून वगळली.

कांदा-लसूण मसाल्याच्या डब्यात दडवणाऱ्यांची हुशारी मला कधी कळली नाही. 'मला माहीतच नव्हतं' ही एक वाट उरलेली असते, ती दडवणारा स्वतःच्या हातानं बुजवतो. त्यात कलम 35 आरोपीच्या मनातला हेतू गृहीतच धरतं. तो नव्हता हे त्यानं नि:संशय सिद्ध करायचं.

संशयित पार्सल दरवेळी वाटेत अडवतातच असंही नाही. कलम 50अ नुसार ते नजरेखाली पुढे जाऊ देता येतं. घेणारा सही करतो, आत नेतो, मग दारात पथक. थायलंडनं जून 2022 मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला होता, तरी तिथून गमीज (गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्या) मागवणाऱ्यांना आयातीचं कलम 23 लागतं. तिकडचा कायदा इथं ढाल होत नाही.

व्यापारी प्रमाणात कलम 37 मुळे जामीन जवळजवळ अडकतो आणि दोषारोपपत्राला 180 दिवसांची मुदत मिळते. तोवर मुक्काम कळंबा कारागृहात. उच्च न्यायालयात जायचं तर ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मुंबईची फेरी वाचली एवढाच दिलासा.

आपण न मागवलेलं पार्सल दारात आलं तर फोडू नका, सही करू नका. पोस्टमनकडून 'घेण्यास नकार' असा शेरा मारून घ्या, फोटो काढा, जवळच्या ठाण्यात लेखी कळवा आणि पोच घ्या. नुसतं पाकिटावर नाव असणं म्हणजे ताबा नव्हे. पण ते फोडून कपाटात ठेवलं की गोष्ट बदलते.

आणि 'तुमच्या पार्सलात ड्रग्ज सापडलेत, व्हिडिओ कॉलवर थांबा, पैसे पडताळणीसाठी पाठवा' असा फोन आला तर ती शुद्ध लुबाडणूक. आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही. फोन ठेवा, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 लावा.